पळवून नेणाऱ्याची प्रेमकथा

प्रश्न : अपहरण करणाऱ्याच्याच प्रेमात पडणाऱ्या नायिकेची इंग्रजी कादंबरी रात्र जागून संपवली. मग स्वतःचीच किळस आली. माझं काही बिघडलंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. हे आकर्षण जुनेच. ई. एम. हल यांच्या ‘द शेख’ या कादंबरीत (१९१९) वाळवंटात पळवून नेलेली डायना, जबरदस्ती सोसूनही, अखेर त्याच शेखवर भाळते; तिच्यावर आधारलेल्या १९२१ च्या मूकपटालाही तुफान गर्दी झाली. कथेतल्या भीतीचा लगाम वाचकाच्या हाती असतो, पुस्तक हवे तेव्हा मिटता येते. खऱ्या कैदेत ती सोय कुठली? त्यामुळे गोष्टीत रमणाऱ्याला तसे वागणे मान्य असतेच असे नाही; किळस हे तर विवेक शाबूत असल्याचे लक्षण. अशा अनेक पुस्तकांच्या आरंभी आशयाची सूचना असते, ती आधी वाचावी. जुना अत्याचार आठवून झोप उडत असल्यास मात्र समुपदेशकाला भेटावे.