गर्दीला धरून ठेवणारा निवेदक

नाटक शिकायला ब्रिटनला गेलेली मुलगी घरी एक जाहिरात पाठवते: आफ्रोफ्युचरिस्ट खुल्या प्रयोगासाठी गोष्ट सांगणारा एमसी हवा. आईबाबांना त्यातला एकही शब्द ओळखीचा वाटत नाही. हे काम नेमके काय आहे आणि त्यावर घर चालेल का, हे त्यांचे दोन प्रश्न मात्र अगदी रास्त आहेत.

ब्रिटनमध्ये साधारण मे ते सप्टेंबर हा खुल्या रंगभूमीचा हंगाम. स्टॉकटनचा नदीकाठचा महोत्सव १९८८ पासून, लंडनचा ग्रीनिच आणि डॉकलंड्स महोत्सव १९९६ पासून भरतो. बहुतेक प्रयोगांना तिकीट नसते, त्यामुळे कंटाळलेला प्रेक्षक सरळ चालू लागतो. त्याला थांबवायचे काम एमसीचे, म्हणजे निवेदकाचे. तो गोष्ट सांगतो, नाच आणि संगीत यांचे दुवे जुळवतो, गर्दीला एका जागेवरून दुसरीकडे नेतो, पाऊस आला किंवा माइक बंद पडला तरी लोकांना पांगू देत नाही. धोका दिसून प्रयोग थांबवावा लागला, तर ती सूचनाही बहुधा त्यालाच द्यावी लागते. म्हणून निवड करणारे गोड आवाजापेक्षा प्रसंगावधान आधी बघतात.

आफ्रोफ्युचरिझम हे नाव १९९० च्या दशकात रुळले, पण गोष्ट त्याहून जुनी आहे. गुलामांच्या व्यापाराने ज्यांची नावे, भाषा, वंशावळी पुसून टाकल्या, त्यांच्या वंशजांनी भविष्यकाळावर आपला हक्क सांगितला. आपण शनी ग्रहावरून आलो असे सांगणारा संगीतकार सन रा याचा ‘स्पेस इज द प्लेस’ हा चित्रपट १९७४ चा. ऑक्टेव्हिया बटलरच्या ‘किंड्रेड’ (१९७९) या कादंबरीतली कृष्णवर्णीय लेखिका १९७६ मधून थेट गुलामगिरीच्या काळात ओढली जाते. मुलांनी पाहिलेला ‘ब्लॅक पँथर’ (२०१८) याच प्रवाहातला. एमसीच्या भूमिकेलाही दोन घराणी आहेत. माली साम्राज्याचा संस्थापक सुंजाता याची गाथा पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवणारे पश्चिम आफ्रिकेतले ग्रिओ हे एक. दुसरे न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधले: ११ ऑगस्ट १९७३ च्या पार्टीत डीजे कूल हर्क तबकड्या फिरवत होता आणि कोक ला रॉक माइकवरून जमलेल्यांना साद घालत होता.

हे सगळे वाचल्याशिवाय अर्ज करू नये. आणि वाचल्यावर बहुतेक मराठी मुलांच्या लक्षात येईल की हा आवाज आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाच्या कलावंतांचा आहे. त्यांच्या वाट्याची ही जागा आपण मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच प्रयोगाला रंगमंच व्यवस्थापक, ध्वनितंत्रज्ञ, वेशभूषाकार, मुलांच्या कार्यशाळा घेणारे सहायकही लागतात. तिथे जरूर अर्ज करा आणि एमसीचे काम जवळून पाहा. आपल्याकडे तर इथिओपियात जन्मून, गुलाम म्हणून विकला जाऊन दख्खनेत आलेला आणि निजामशाहीचा कारभारी झालेला मलिक अंबर आहे, जंजिऱ्याचे सिद्दी आहेत. एखाद्या सिद्दी तरुणाने ही गोष्ट पुढच्या शतकात नेऊन खडकीच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चौकात सांगितली तर मी पहिल्या रांगेत उभा असेन.

इतर खुल्या प्रयोगांत निवेदक व्हायचे असेल, तर तयारी इथूनच सुरू होते. पुण्याच्या विद्यापीठातले ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी ही दोन नावे पालकांनी टिपून ठेवावीत. कीर्तन, गोंधळ, शाहिरी जवळून ऐकलेल्या मुलाला उघड्यावरची गर्दी नवी नसते. अर्जासोबत सहसा छोटा व्हिडिओ मागतात. तो बंद खोलीत न करता बाजारात किंवा बागेत, खऱ्या माणसांसमोर चित्रित करा आणि लोक बोलल्यावर तुम्ही काय केलेत ते त्यात दिसू द्या.

आता व्हिसा, कारण इथे मुले अडकतात. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर मनोरंजन क्षेत्रातला कलावंत म्हणून काम करता येत नाही आणि स्वयंरोजगारही चालत नाही. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात आठवड्याला २० तास नोकरीची मुभा असली तरी मानधन घेऊन रस्त्यावर प्रयोग करणे तिच्यात बसत नाही. हंगामी ध्वनितंत्राचे किंवा वेशभूषेचे कामही फ्रीलान्स असेल तर तेही नाही. ‘एकच तर शनिवार आहे’ म्हणून हो म्हणू नका. अभ्यासक्रमानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर फ्रीलान्स काम करता येते. नियम बदलत राहतात, तेव्हा सही करण्यापूर्वी विद्यापीठाच्या व्हिसा कक्षात विचारा.

पैशांचे उत्तर सरळ आहे: हा महिन्याचा पगार नव्हे. करार काही आठवड्यांचे असतात आणि हिवाळ्यात कामे कमी होतात. टिकून राहणारे कलावंत वर्षभर शाळांत, ग्रंथालयांत कार्यशाळा घेतात, ध्वनिमुद्रणे करतात. त्यामुळे शिकवण्याचे किंवा तंत्राचे दुसरे कौशल्य पहिल्या वर्षापासून जोपासा. करार हाती आला की तालमींचे पैसे वेगळे आहेत का, पावसाने प्रयोग रद्द झाला तर मानधन मिळते का आणि प्रवासखर्च कोणाचा, हे आईबाबांसोबत बसून वाचा. कलावंतांच्या ‘इक्विटी’ या संघटनेचे सभासद झाल्यास असे करार समजून घ्यायला तिथे मदत मिळते.