धर्म देणारा आणि धर्म घेणारा

धर्मांतराविषयी बोलताना आपण दोन निराळी क्रियापदे वापरतो. ‘बाटविला’ म्हटले की करणारा कोणी दुसराच. ‘दीक्षा घेतली’ म्हटले की घेणारा स्वतःच कर्ता. आमच्या मते सारा वाद या दोन क्रियापदांतच आहे.

प्रचार जुना आहे. बुद्धांनी भिक्षूंना बहुजनांच्या हितासाठी फिरण्यास सांगितले. ख्रिस्ताचे शिष्यही देशोदेशी गेले. परंतु नवधर्मीयास ग्रीक भाषेत जो शब्द होता, ‘प्रोसेलितोस’, त्याचा मूळ अर्थ ‘जवळ आलेला’ असा आहे. ‘आणलेला’ असा नव्हे.

आता आपल्या बालाघाटकडे वळू. आपला जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात होता, तेव्हा १९५४ साली सरकारने मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी न्या. भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ साली आला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. अठरा दिवसांनी नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण इकडेच राहिलो.

१९६८ च्या आपल्या कायद्याने बळाने, आमिषाने वा फसवणुकीने धर्मांतर करविण्यास बंदी केली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला: प्रचाराचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करविण्याचा नाही. इथवर ठीक. २०२१ च्या नव्या कायद्याने मात्र स्वेच्छेने धर्म बदलणाऱ्यानेही साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे, असे ठरविले. हे आम्हांस खटकते. असे कलम १९५६ साली असते, तर दीक्षाभूमीवरील प्रत्येकास अर्ज लिहावा लागला असता! नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्या कलमाखालील कारवाईस अंतरिम मज्जाव केला.