रुजू व्हायच्या विचारानंच पोटात कळ का येते?

प्रश्न : मी ३६ वर्षांची आहे. राहायला डोंबिवलीला, नोकरी दादरला एका सहकारी बँकेच्या शाखेत, कॅश काउंटरवर. मागच्या वर्षी अल्सरेटिव्ह कोलायटिसचं निदान झालं. रक्त पडायचं, दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागायचं. मग अ‍ॅडमिट झाले, स्टिरॉइड घेतले, लांबलचक रजा झाली. आता काही महिने बरी आहे. मेसालामिन आणि अझाथायोप्रिन चालू आहे. रिपोर्ट चांगले आहेत आणि डॉक्टर म्हणतात, कामावर जा. पण रुजू व्हायची तारीख ठरवायला बसले की पोटात कळ येते आणि खरोखरच उठून जावं लागतं. हे म्हणतात, सगळं मनाचं आहे. सासूबाई म्हणतात, आजार पुरता गेलेला नाही, नोकरी सोड. खरं कोणाचं? नुसत्या विचारानं पोट बिघडतं का? आणि अशा अवस्थेत कामावर जायचं कसं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या यजमानांचं निम्मं खरं आहे, सासूबाईंचं त्याहून जरा कमी. पण आधी तुमच्या कुतूहलाच्या प्रश्नाकडे वळतो, कारण त्याचं उत्तर कळलं की पुढचं सोपं जाईल.

विचारानं पोट बिघडतं, आणि हे डोळ्यांनी पाहिलं गेलं त्यालाही आता सव्वाशे वर्षं होऊन गेली. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली. त्यानंतर लगेचच हार्वर्डला वैद्यकीचा एक विद्यार्थी, वॉल्टर कॅनन, मांजरांना बिस्मथ कालवलेलं अन्न भरवून त्यांचं जठर कसं हलतं ते पडद्यावर बघू लागला. मांजर चिडलं, घाबरलं की जठराची हालचाल थांबायची. शांत झालं की पुन्हा सुरू. पुढे कळलं की मोठ्या आतड्याचं वागणं नेमकं उलटं असतं. ताण आला की जठर मंदावतं आणि मोठं आतडं घाई करतं. परीक्षेच्या सकाळी घरातल्या संडासापुढे रांग का लागते, याचं कारण एवढंच.

आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, त्यात दहा कोटींहून जास्त पेशी असतात. मेंदूशी ते व्हेगस नावाच्या नसेनं जोडलेलं आहे. या नसेतली बहुतेक वाहतूक खालून वर जाते, म्हणजे पोट मेंदूला जेवढं कळवतं तेवढं मेंदू पोटाला सांगत नाही. कोलायटिसमध्ये महिनोन्‌महिने आतड्याला सूज असते. सूज उतरल्यावरही या तंतूंचा हळवेपणा लगेच जात नाही. एरवी लक्षातही येणार नाही अशी हालचाल आता कळ म्हणून जाणवते, कळ जाणवली की भीती वाटते, आणि भीतीनं आतडं आणखी घाई करतं. आजार पूर्ण शांत असलेल्या कित्येक रुग्णांना हा त्रास होतो. तेव्हा तुमची कळ खरी आहे. ती आलीय म्हणजे आजार उलटलाय, असं मात्र नाही.

'सगळं मनाचं' या वाक्यावर माझा जुना राग आहे, म्हणून थोडा थांबतो. ते वाक्य यजमानांनी शोधलेलं नाही. १९५० साली शिकागोच्या फ्रान्झ अलेक्झांडर या मनोविश्लेषकानं मनोकायिक आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात ज्या सात आजारांची मुळं मनात असल्याचं मांडलं गेलं, त्यांत दमा आणि संधिवाताबरोबर अल्सरेटिव्ह कोलायटिसही होता. रुग्ण फार परावलंबी, आईच्या पदराआडचा, असं त्या काळी गंभीरपणे लिहिलं जायचं. पण नान्ना स्वार्ट्झ या स्वीडिश डॉक्टर बाईंनी संधिवातासाठी तयार करवून घेतलेलं सल्फासॅलाझीन कोलायटिसवर चालतं, हे त्याआधीच दिसलेलं होतं. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिसोनची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली. रुग्ण बरे होऊ लागले ते औषधानं, आईशी समेट करून नव्हे. तुम्ही आज घेता ते मेसालामिन म्हणजे त्या सल्फासॅलाझीनमधलाच कामाचा भाग. ताणानं लक्षणं वाढतात, कधी आजार उसळायला निमित्तही मिळतं. पण आजार ताणातून जन्मलेला नाही. यजमानांना एवढं वाचून दाखवा.

आता आजाराची कळ आणि भीतीची कळ वेगळी ओळखायची कशी? पहिली खूण रात्रीची. भीती झोपते, आजार झोपत नाही. गाढ झोपेतून शौचासाठी उठावं लागत असेल, रक्त किंवा आव पडत असेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर ती भीती नव्हे. डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. उलट रविवारी संध्याकाळी कळ येते, मैत्रीण गप्पा मारायला आली की विसरते, लग्नाच्या हॉलवर जाताना परत येते, तर ती बहुतेक दुसरी. तरीही शंका राहिली तर शौचाची कॅलप्रोटेक्टिन चाचणी करून घ्या. आतड्याला सूज असली की तो आकडा चढतो. पन्नासच्या आत असला तर निर्धास्त व्हावं. ही चाचणी डॉक्टरांइतकीच सासूबाईंसाठीही उपयोगाची आहे. घरात छापील आकड्याला मान असतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना कोणी सांगत नाही. स्टिरॉइड स्वतःच घाबरवतात. झोप उडते, छातीत धडधडतं, उगीच रडू येतं, आणि डोस उतरवतानाही मन जागेवर नसतं. अजून कमी डोस चालू असेल तर तुमच्या भीतीतला काही वाटा गोळीचा आहे. म्हणून ती आपल्या मनानं बंद मात्र करू नका, ते धोक्याचं आहे. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ बघून घ्या. महिनोन्‌महिने रक्त गेल्यावर लोह कमी पडतं आणि तो थकवा माणसाला 'मला आता काही जमणार नाही' असं वाटायला लावतो.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे. इथे मी नेहमीच्या सल्ल्यापासून जरा फारकत घेतो. धीर धरा, सकारात्मक राहा, श्वासाकडे लक्ष द्या, हे सगळे सांगतात. पण तुमची भीती मला निम्म्याहून जास्त शहाणी वाटते. गाडीत अडकले तर? काउंटरवरून उठता आलं नाही तर? ही काल्पनिक भुतं नव्हेत. मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नसतं. या भीतीला धैर्य लागत नाही, व्यवस्था लागते. व्यवस्था झाल्यावर जी उरेल तेवढीच मनाची.

आधी घड्याळ. मोठं आतडं सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर सगळ्यांत जास्त हलतं. चहानं, कॉफीनं आणखी. म्हणजे ज्या वेळी मुंबईकर गाडीत चेंगरलेला असतो, नेमकी तीच वेळ. पुष्कळ रुग्ण यावर उपाय म्हणून उपाशी निघतात. तसं करू नका. अकरा वाजता काउंटरवर हात थरथरायला लागतील आणि तीही आजाराचीच खूण वाटेल. तासभर लवकर उठा, चहा-नाश्ता लवकर उरका आणि निघायच्या आधी घरातच पाऊण तास हाताशी ठेवा. शक्य असेल तर पहिले दोन महिने तासभर उशिरा यायची परवानगी मागा.

मग गाडी. सुरुवातीला फास्ट लोकल सोडून द्या. बहुतेक फास्ट गाड्या ठाण्यानंतर एकदम घाटकोपरलाच थांबतात आणि मध्ये गाडी सिग्नलला उभी राहिली की जीव खालीवर होतो. स्लो गाडी कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा असं करत दर तीन-चार मिनिटांनी थांबते. वेळ जास्त जातो, पण उतरता येतं, आणि उतरता येतं एवढ्या जाणिवेनंच बहुतेक वेळा उतरावं लागत नाही. रुजू व्हायच्या आधी दोन-तीनदा दुपारी रिकाम्या गाडीनं दादरला जाऊन या. मुद्दाम मुलुंडला उतरा, घाटकोपरला उतरा, शौचालय कुठल्या टोकाला आहे, उघडं असतं का, पाणी आहे का, ते बघा. स्टेशनवरची आणि पालिकेची बायकांची सोय किती अपुरी आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. 'कोरो' या संस्थेच्या पुढाकारानं मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी'ची मोहीम चालली ती याचसाठी. सुटे पैसे, ओले टिश्यू, एक जादा सलवार पर्समध्ये ठेवा. मानसोपचाराची काही पुस्तकं म्हणतात की असा जामानिमा भीतीला खतपाणी घालतो. ज्यांच्या आतड्याला खरोखर आजार आहे त्यांच्या बाबतीत मला ते पटत नाही. फक्त दर स्टेशनला पर्स उघडून पाहू नका.

दिव्यांगांच्या डब्यात चढता येईल का, असंही तुमच्या मनात आलं असेल. तो डबा दिव्यांग, कर्करुग्ण आणि गरोदर स्त्रियांसाठी असतो. कोलायटिसला तिथे जागा नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार मोजले आहेत. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, सिकलसेल त्यात आहेत, तुमचा आजार नाही. म्हणजे सवलत कायद्याच्या कलमानं मिळणार नाही, माणसांशी बोलून मिळवावी लागेल.

आणि तुमचं काम तर कॅशचं! काउंटरवरून उठायचं म्हणजे कॅश मोजून ड्रॉवरला कुलूप लावायचं, तोवर समोर रांग. हे न बदलता परत जाऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन. काही महिने क्लिअरिंग, पासिंग, खाती उघडणं असं मागचं टेबल मागा. 'माझी तब्येत बरी नसते, सांभाळून घ्या' असं साहेबांना म्हणू नका. त्यातून सहानुभूती मिळते आणि टेबल तेच राहतं. असं बोला : 'मला मोठ्या आतड्याचा जुना आजार आहे. संसर्गाचा नाही. औषधं चालू आहेत, काम पूर्ण करीन. मधूनच पाच-दहा मिनिटं उठावं लागेल, म्हणून सहा महिने कॅश नको. डॉक्टरांचं पत्र सोबत आहे.' पत्रात आजाराचा इतिहास नको, फक्त काय सोय हवी आणि किती दिवस, एवढंच लिहून घ्या. शाखेत निदान एका सहकाऱ्याला, शक्यतो शेजारच्या टेबलावरच्या बाईला, खरं काय ते सांगून ठेवा.

बाकीच्यांना सगळं सांगायची गरज नाही, पण ते विचारणारच. स्टिरॉइडनं चेहरा गोल झाला असेल तर 'वा, तब्येत सुधारली की!' ऐकावं लागेल. कुणी मूळव्याध समजेल, कुणी बेलाचा मुरंबा सुचवेल, कुणाच्या आत्याला कुड्याच्या सालीनं गुण आलेला असेल. 'डॉक्टरांना विचारते' एवढं म्हणा आणि पासबुक पुढे ओढा. दुपारच्या डब्यातलं 'अगं, घे गं थोडं' मात्र पहिल्या दिवसापासून हसत नाकारायला शिका.

आपल्याकडे हा आजार कुणी मोठ्यानं बोलत नाही, म्हणून एक नाव सांगतो. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना हाच आजार होता. २००७ साली प्रकृतीमुळे त्यांना पद सोडावं लागलं. नवी औषधं मिळाल्यावर ते २०१२ च्या डिसेंबरात त्याच पदावर परत आले आणि २०२० मध्ये आजार उलटेपर्यंत टिकले. अर्थात त्यांना सकाळची डोंबिवली लोकल पकडायची नव्हती. तरी मधली साडेसात वर्षं काही थोडी नव्हेत.

एवढं सगळं करूनही भीती उरेल. श्वास कोंडतो, घाम फुटतो, घराबाहेरच पाऊल पडत नाही, असं होऊ लागलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. तो सल्ला कोलायटिसच्या औषधांच्या जोडीला असतो, त्यांच्याऐवजी नाही. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. आणि घाबरून मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी परस्पर घेऊ नका. आजार शांत असताना डॉक्टर ती प्रवासापुरती देतीलही, पण सूज असताना तीच गोळी आतडं फुगवून जिवावर बेतू शकते.

कामावर गेल्यावर बहुतेकांची दुपारची गोळी चुकते. बरं वाटत असतं, डबा खाल्लेला असतो, गर्दी असते. चुकलेल्या गोळ्या हे आजार उलटायचं नेहमीचं कारण. मेसालामिनचा दिवसाचा डोस एकदम घेतला तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. बऱ्याच जणांना चालतो. अझाथायोप्रिनसाठी लागणाऱ्या रक्ततपासणीच्या तारखा आताच कॅलेंडरवर लिहा, नाहीतर त्या इयर एंडिंगमध्ये बुडतील.

राहता राहिली रुजू व्हायची तारीख. सोमवार नको. गुरुवारी रुजू व्हा, म्हणजे दोन-तीन दिवसांत रविवार येतो. महिन्याचे पहिले दहा दिवसही नकोत. पेन्शनवाल्यांची गर्दी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. वीस तारखेच्या आसपासचा गुरुवार निवडा, फिटनेस सर्टिफिकेटवर डॉक्टरांकडून तीच तारीख घालून घ्या, आणि टेबल बदलाचा अर्ज त्याच्या आदल्या आठवड्यात साहेबांच्या हातात पडू दे.