घूं घूं आवाजाचा माग काढताना

नागपूर

चि. सुमित,

भरवेलीत बसून तू स्वतःच्या हातांनी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर उभा केलास, याचा मला मनापासून आनंद झाला. १९४८ साली नागपूर आकाशवाणी सुरू झाली, तेव्हा तुमचा बालाघाट जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. आपल्या घरातल्या मोठ्यांनी ते केंद्र व्हॉल्व्हच्याच रेडिओवर ऐकलं. ती विद्या तू हाती घेतलीस, हे फार चांगलं केलंस. पण घूं घूं जात नाही म्हणून एकामागून एक पार्ट बदलतो आहेस, ते थांबव. आवाज कुठून येतो ते आधी शोध, मग पार्टाला हात लाव.

त्याआधी जिवाचं सांगतो. आत तीनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते फिल्टर कॅपॅसिटरमध्ये साठून राहतात. झाकण उघडलं की १ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावून कॅपॅसिटर रिकामा कर आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय बोट आत घालू नकोस. मोजणी चालू सेटवर करावी लागली तर एक हात खिशात ठेव.

आता कान लाव. स्विच टाकल्याबरोबर, फिलामेंट तापायच्या आतच गुणगुण आली, तर व्हॉल्व्हचा दोष नाही. मेन ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतंय. दोघांना काटकोनात बसव, अंतर वाढव. व्हॉल्व्ह तापल्यावर आवाज आला, तर व्हॉल्यूम शून्यावर ने. आवाज गेला तर दोष व्हॉल्यूमच्या आधी, इनपुटच्या वायरीत. तसाच राहिला तर पुढे. मग सेट बंद करून सुरुवातीच्या पायरीचा ईसीसी ८३ व्हॉल्व्ह काढ, शेवटच्या पायरीचा ईएल ८४ जागेवर राहू दे आणि स्पीकर जोडलेलाच ठेव. पुन्हा चालू केल्यावर तरीही घुमत असेल, तर पॉवर सप्लाय किंवा शेवटची पायरी तपासायची.

सूरही ओळखायला शीक. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. फिलामेंटच्या वायरींतून येणारी गुणगुण बहुधा त्याच सुराची, तर फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतरची १०० हर्ट्झची, म्हणजे एक सप्तक वरची. पहिली असेल तर ६.३ व्होल्टच्या दोन्ही वायरी घट्ट पिळून चेसिसच्या कोपऱ्यातून ने. त्या वाइंडिंगला मधला टॅप नसेल, तर दोन्ही टोकांपासून ग्राउंडला शंभर-शंभर ओहमचे रेझिस्टर दे. दुसरी असेल तर फिल्टर कॅपॅसिटर बघ आणि सगळे ग्राउंड एकाच ठिकाणी येतात का ते बघ. पहिल्या कॅपॅसिटरचा चार्जिंगचा प्रवाह इनपुटच्या ग्राउंडमधून वाहू लागला, तर कितीही मोठा कॅपॅसिटर लावलास तरी घूं घूं राहीलच.

खरखर वेगळी. तुमच्याकडे बांबूला तोटा नाही. कोरडी काडी घेऊन चालू सेटमध्ये एकेक व्हॉल्व्ह, एकेक सांधा हलकेच टोकर. काचेवर टोकरताना स्पीकरमधून टण्ण आवाज आला तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक आहे, आणि सांध्याला धक्का लागून खरखर झाली तर तिथलं सोल्डर कोरडं आहे. सॉकेटच्या पिनाही सेट बंद करून साफ कर.

एक गोष्ट मात्र कधीही करू नकोस. घूं घूं जावी म्हणून तीन पिनी प्लगमधली अर्थची वायर कापायचा सल्ला तुला कुणीतरी देईल. आवाज थांबेलही, पण ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटलं त्या दिवशी चेसिसवर थेट मेनची वीज येईल, आणि तिला हात लावणारा बहुधा घरातलाच कुणी असेल. गुणगुण ऐकत बसलास तरी चालेल, पण अर्थची वायर शाबूतच राहिली पाहिजे.

एका वेळी एकच बदल कर, आणि तो केल्यावर काय ऐकू आलं ते वहीत लिही. असं शोधून काढलेलं कारण पुढच्या प्रत्येक सेटला कामी येतं. अंदाजाने बदललेल्या पार्टातून ती शिकवण मिळत नाही. ईसीसी ८३ काढून बघितल्यावर काय झालं ते मला कळव. पुढचं त्यावरून ठरवू.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा