एमसीबी पडला नाही, तरी प्लग जळतो

एमसीबी पडत नाही तोवर घरातल्या विजेची काळजी नको, असं बहुतेकांना वाटतं. आमच्या घरी गिझरचा प्लग जळायच्या बेतात आला, तेव्हा हा समज किती धोक्याचा आहे ते कळलं. शाळेत शिकलेला एक भागाकार आणि एक गुणाकार अशा वेळी घर वाचवू शकतो, म्हणून हे लिहितो आहे.

झालं असं. गिझर लावला की बोर्डापाशी प्लास्टिक जळाल्यासारखा वास येऊ लागला. प्लगला हात लावला तर चटका बसायचा. एमसीबी जागच्या जागी होता, ईएलसीबीही पडला नव्हता. गिझर जुना झालाय, नवा घ्या, असं जो तो सांगू लागला. आम्ही बोलावलेल्या वायरमनने मात्र आधी मीटर काढला.

गिझर चालू असताना क्लॅम्प मीटरवर ८.४ अँपिअर दिसले. मेन बोर्डावर २२८ व्होल्ट होते आणि गिझरच्या टोकांशी २२२. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो, ओहममध्ये. २२२ भागिले ८.४ म्हणजे सुमारे २६.४ ओहम. गिझरवर २३० व्होल्टला २००० वॅट असं छापलेलं होतं. २३० चा वर्ग करून २००० ने भागला की येतात २६.४५ ओहम. दोन्ही आकडे जुळले, म्हणजे गिझरच्या कॉइलमध्ये काहीच बिघाड नव्हता.

मग मधले ६ व्होल्ट गेले कुठे? बोर्डापासून गिझरपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जाऊन-येऊन साधारण २० मीटर. तिचा रोध जेमतेम ०.१५ ओहम, म्हणजे तिच्यात सव्वा व्होल्टच्या आसपास खर्च होणार. उरलेले पावणेपाच व्होल्ट प्लग आणि सॉकेटच्या सांध्यात जात होते. बसवणाऱ्याने सॉकेटचा स्क्रू नीट आवळलाच नव्हता.

आता गुणाकार. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. पावणेपाच गुणिले ८.४ म्हणजे ४० वॅट. वायरमध्ये तयार होणारे ११ वॅट २० मीटरभर पसरतात, त्यामुळे वायर फारशी तापत नाही. हे ४० वॅट मात्र बोटाच्या पेराएवढ्या जागेत कोंडले होते. रेडिओ दुरुस्तीचं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न कथील वितळवतं, हे लक्षात घेतलं म्हणजे प्लास्टिकचं काय होत असेल ते समजतं.

एमसीबी का पडला नाही, याचं उत्तरही याच आकड्यांत आहे. तो १६ अँपिअरचा होता, त्यातून जात होते ८.४. सैल सांध्यामुळे रोध वाढतो आणि धारा उलट थोडी कमीच होते. ईएलसीबी फेज आणि न्यूट्रल यांच्या धारेतला फरक पाहतो, आणि इथे गळती नव्हतीच. दोन्ही साधनं आपापलं काम चोख करत होती, पण सैल स्क्रू ओळखणं हे त्यांचं कामच नाही. ते आपल्यालाच करावं लागतं.

म्हणून काही गोष्टी मनापासून सांगतो.

उपकरणावर छापलेले वॅट २३० ने भागा. १००० वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर घेते, २००० वॅटची इंडक्शन शेगडी ८.७ आणि ३००० वॅटचा गिझर १३. लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं, म्हणजे १३८० वॅटपर्यंतचंच. त्याहून जास्त वॅटची उपकरणं १६ अँपिअरच्या पॉवर प्लगवरच हवीत. एक्स्टेंशन बोर्डावर दोन उपकरणं लावली तर अँपिअरची बेरीज करा. धारा दुप्पट झाली की त्याच सांध्यातली उष्णता चौपट होते.

प्लग तापत असेल, पिना काळवंडल्या असतील, सॉकेटमधून चरचर ऐकू येत असेल, तर मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलून घ्या. तापून ढिल्या झालेल्या सॉकेटमध्ये नवा प्लगही तसाच तापतो. वर चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेऊ नका.

मल्टिमीटर घरात असेल तर दोन पथ्यं पाळा. ओहमवर ठेवलेला मीटर चालू विजेला लावायचा नाही. अँपिअरवर ठेवलेल्या मीटरच्या सळ्या सॉकेटमध्ये कधीच घालायच्या नाहीत. त्या मीटरचा रोध जवळजवळ शून्य असतो, म्हणजे तो थेट शॉर्टसर्किट. चालू बोर्ड उघडून मोजणं हे परवानाधारक माणसाचंच काम.

आणखी एक. हा सरळ हिशोब गिझर, इस्त्री, कॉइलच्या शेगडीला लागू पडतो, मोटरला नाही. गावाकडे दाब १८० व्होल्टवर उतरला तर २००० वॅटचा गिझर सव्वाबाराशे वॅटच देतो. पाणी उशिरा तापतं, पण कॉइलला इजा होत नाही. विहिरीवरची मोटर मात्र तेवढाच भार ओढायला जास्त अँपिअर घेते, तापते आणि जळते. दाब कमी असेल तेव्हा पंप बंद ठेवणंच शहाणपणाचं.

या आठवड्यात एवढं करा. घरातल्या प्रत्येक जड उपकरणाचे अँपिअर काढून कागदावर लिहा, आणि त्याच्या सॉकेटवर ६ आहे की १६ ते पाहा. उपकरण अर्धा तास चालवा, मग बटण बंद करून प्लगच्या वरच्या बाजूला हात लावा. किंचित कोमट असेल तर हरकत नाही. हात ठेववत नसेल, तर वायरमन येईपर्यंत ते उपकरण पुन्हा चालू करू नका.