झोप जाते ती कशाने

पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांमध्ये एक समजूत पक्की असते. रात्री झोपण्याआधी हस्तमैथुन केलं की दुसऱ्या दिवशी वाचलेलं डोक्यात राहत नाही, कंबर धरते, डोळे खोल जातात आणि माणूस हळूहळू कामातून जातो. पंचविशीत मी तिथे राहत होतो तेव्हा मलाही हे शंभर टक्के खरं वाटायचं. वीर्याचा एक थेंब व्हायला रक्ताचे शंभर थेंब लागतात, हे गावाकडे तालमीत ऐकलेलं होतं. पुण्यात रूम पार्टनरच्या तोंडून पुन्हा ऐकलं. शिकलेली, इंजिनिअर झालेली मुलं ते सांगत होती.

माझी झोप तेव्हा खरोखरच बिघडली होती. एक वाजून जायचा, दीड व्हायचा, डोळा लागायचा नाही. सकाळी सातला अभ्यासिकेत जागा धरायची म्हणून कसाबसा उठायचो आणि दहाच्या सुमारास पुस्तकावरच डोकं टेकायचं. पायाला मुंग्या यायच्या. राज्यशास्त्राचं एक पान तीनदा वाचूनही कोरंच राहायचं. या सगळ्याचं कारण मला माहीत आहे अशी माझी खात्री होती. म्हणून उद्यापासून बंद, असं ठरवून झोपायचो. ते पाळलं गेलं नाही की अपराधी वाटायचं, आणि पाळलं गेलं तरी आपण पाळू शकू का या विचारात रात्र जायची. अंथरुणाला पाठ टेकली की छातीत धडधड सुरू व्हायची.

मग एका लॉजवर ठरावीक तारखांना येणाऱ्या ‘गुप्तरोगतज्ज्ञा’कडे गेलो. हा प्रसंग सविस्तर सांगतो, कारण ही युक्ती आजही चालते. त्याने मला बाटलीत लघवी करून आणायला सांगितलं. ती थोडा वेळ टेबलावर ठेवली आणि मग ट्यूबलाइटसमोर धरली. आत पांढरट गढूळपणा दिसत होता. “भाऊ, हा तुमचा धातू चाललाय,” तो म्हणाला. धातू म्हणजे वीर्य. माझ्या पायातलं बळच गेलं. पुड्यांचे आणि तेलाचे मिळून त्याने दोन महिन्यांच्या मेसचे पैसे घेतले. पुढे डॉक्टरांकडून कळलं की लघवीत फॉस्फेटचे क्षार असतात. जेवणानंतर, किंवा लघवी काही वेळ तशीच ठेवली, की ते क्षार खाली बसतात आणि ती गढूळ दिसते. अशा लघवीत व्हिनेगरचे चार थेंब टाकले की ती पुन्हा स्वच्छ होते. वीर्याचा त्यात काही संबंध नसतो. आणि त्या पुड्या? अशा औषधांत स्टेरॉइड किंवा लैंगिक उत्तेजनाच्या गोळ्यांची भुकटी मिसळलेली अनेकदा सापडलेली आहे. हृदयविकाराची नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाने तसली भुकटी खाल्ली तर रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकतं. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४च्या कायद्याने बंदी आहे. तरीही रेल्वेमार्गालगतच्या भिंती त्यांनी रंगलेल्या असतात.

पुड्या संपल्या, झोप आलीच नाही. शेवटी सरकारी रुग्णालयात गेलो. समोर बाई डॉक्टर होत्या, त्यामुळे जीभ उचलेना. त्यांनीच विचारलं, “रात्री चहा किती वाजता घेतोस? फोन कुठे ठेवतोस? जेवणात काय असतं?” हस्तमैथुनाबद्दल मी कसंबसं बोललो तेव्हा त्यांनी मान वर न करता लिहून घेतलं, जसं भूक लागते का याचं उत्तर लिहावं तसं. त्यांच्या त्या साध्या लिहिण्याने मला जो धीर आला तो अजून आठवतो. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं आणि एक कागद दिला. त्यावर रोज लिहायचं : किती वाजता आडवा झालो, झोप साधारण केव्हा लागली, केव्हा उठलो, शेवटचा चहा केव्हा, फोन केव्हा ठेवला, हस्तमैथुन केलं का.

रिपोर्टमध्ये बी-१२ जीवनसत्त्व खूपच कमी निघालं. मेसचं शाकाहारी जेवण, दूध-दही जवळजवळ नाही, असं जेवणाऱ्यांत हे सर्रास आढळतं. पायाच्या मुंग्या, थकवा आणि विसरभोळेपणा, तिन्हींचं कारण तिथे असू शकतं. आणि तो कागद भरत गेला तसतसं दिसायला लागलं की वाईट रात्री एकतर टिळक रोडवरच्या बारा वाजताच्या चहाच्या होत्या, नाहीतर फोनच्या. चहातलं कॅफिन निम्मं ओसरायला सरासरी पाच तास लागतात, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्या गावी नव्हतं.

फोनबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण खरी गोम तिथेच आहे. हस्तमैथुनाला स्वतःला काही मिनिटं लागतात. त्या वेळी नाडी वाढते, श्वास वाढतो आणि नंतर लवकरच सगळं शांत होतं. वीर्यपतनानंतर प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं, अंग सैल पडतं, अनेकांना गुंगी येते. माझा तास-दीड तास जायचा तो पांघरुणात, कानात इअरफोन घालून, एका व्हिडिओवरून दुसऱ्यावर जाण्यात. डोळ्यांवर प्रकाश, मेंदूला सतत काहीतरी नवीन, आणि कॉटच्या पडद्याबाहेर कोणी जागं आहे का याची धास्ती. अशा अवस्थेत कोणत्याही माणसाला झोप येणार नाही, मग तो काहीही बघत असो.

अभ्यासक काय सांगतात तेही पाहिलं. २०१९ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ७७८ प्रौढ स्त्री-पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. कामतृप्तीनंतर झोप चांगली लागते असं अनेकांनी सांगितलं, स्वतःच्या हाताने मिळालेल्या तृप्तीनंतरसुद्धा. १९८५ साली मात्र झोपेच्या प्रयोगशाळेत मोजक्याच लोकांना यंत्रं लावून तपासलं होतं, त्यात हस्तमैथुनानंतरच्या झोपेत काही फरक आढळला नव्हता. म्हणजे हे झोपेचं हमखास औषध नाही, आणि झोपेचा शत्रूही नाही. एखाद्याला त्याने हलकं वाटून झोप लागत असेल तर लागू द्यावी. पण त्याशिवाय झोपताच येत नाही, अशी सवय मात्र लावून घेऊ नये.

वीर्याचंही सांगून टाकतो. एका वेळी साधारण दोन ते पाच मिलिलिटर. बहुतेक पाणी, बाकी साखर, क्षार आणि जेमतेम पाव ग्रॅम प्रथिनं. त्यासाठी रक्त आटत नाही. शुक्रजंतू सतत तयार होत असतात, न वापरलेले शरीर जिरवतं किंवा झोपेत आपोआप बाहेर टाकतं. त्यालाही कोणी दोष म्हणू नये. धातू जातो म्हणून अशक्तपणा येतो या भीतीतून होणाऱ्या त्रासाला डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. त्यातला थकवा, उदासी, झोपमोड हे सगळं खरंच भोगावं लागतं, फक्त त्याचं मूळ वीर्यात नसतं.

परीक्षेच्या अभ्यासक्रमात समाजसुधारक र. धों. कर्वे होतेच. त्यांचं मासिक ‘समाजस्वास्थ्य’, सुरुवात १९२७, हे आम्ही पाठ केलं होतं. त्या मासिकात वाचक नेमकं काय विचारत होते, हे कोणत्याही नोट्समध्ये नव्हतं. हस्तमैथुनासारख्या प्रश्नांना कर्व्यांनी सरळ उत्तरं छापली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. कर्व्यांना दंड झाला. माझ्या खोलीतली चारही मुलं ज्या प्रश्नाने जळत होती, त्याचं उत्तर मराठीत देण्यासाठी एका माणसाने कोर्टाची पायरी चढलेली होती, आणि आम्ही फक्त सन पाठ करत होतो. हे वाचलं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

आता ज्याला हा त्रास आहे त्याला माझं सांगणं असं. बंद करायच्या शपथा घेऊ नका. आधी फोन अंथरुणापासून लांब, हात पोचणार नाही अशा ठिकाणी चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधं घड्याळ आणा. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. रात्री कितीही वाजता झोपलात तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवा. वीसेक मिनिटं तळमळत पडलात तर उठून बसा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा, पेंग आली की मगच परत आडवे व्हा. हस्तमैथुन करायचं असेल तर करा, नको असेल तर नका करू, तब्येत दोन्ही परींनी ठीक राहते. जोराने घासून त्वचा सोलवटणं, पालथं पडून इंद्रियावर भार देणं टाळा. वीर्यात रक्त दिसलं, दुखलं, किंवा इंद्रिय वाकडं होऊ लागलं तर डॉक्टरला दाखवा. आणि हस्तमैथुनामुळे कामावर खाडे होत असतील, थांबावंसं वाटूनही महिनोन् महिने थांबता येत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत अशा बेकाबूपणाला वेगळी जागा आहे. पण केवळ पाप वाटतं म्हणून होणाऱ्या तळमळीला आजार धरू नये, हेही त्याच यादीत लिहिलेलं आहे.

बहिणींनाही यातलं बरंचसं लागू आहे. त्यांना तर विचारायला रूम पार्टनरसुद्धा मिळत नाही.

सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर सगळी हकिगत सांगावी लागत नाही. त्वचा व गुप्तरोग किंवा मानसोपचार, एवढा विभाग सांगितला की पुरतं. तोही उच्चारायची लाज वाटली तर “झोप लागत नाही” म्हणा, आत गेल्यावर बाकीचं बोलता येतं. तेवढंही जमत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे. चोवीस तास चालू, फुकट, मराठीतही बोलतात.