द्विभाषिकता : अर्थ आणि उपयोग

'द्विभाषिक म्हणजे दोन भाषा येणारा' हे उत्तर परीक्षेत चालून जातं. भाषावैज्ञानिक युरिएल वाइनराइख यांनी मात्र १९५३ साली, दोन भाषा आळीपाळीने वापरण्याच्या रीतीला द्विभाषिकता म्हटलं. म्हणजे भर नुसतं येण्यावर नाही, वापरण्यावर आहे.

आपल्या बेळगावात हे रोज दिसतं. माझ्या घरी मराठी, बाजारात कानडी, वर्गात इंग्रजी. कोणाशी आणि कशासाठी बोलायचं, यावर भाषा ठरते.

भाषा शेजारी नांदल्या की देवाणघेवाण होतेच. 'अण्णा', 'अक्का', 'अडकित्ता' हे आपण कानडीकडून घेतलेले शब्द. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवरचा गंपर्झ आणि विल्सन यांचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या मराठी, कानडी आणि उर्दूची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येई. तरी शब्द आपापले राहिले आणि घरची भाषा टिकून राहिली.

पण शब्दाला शब्द ठेवून नेहमी भागत नाही, हे मी चुकून शिकलो. कानडीच्या मुलांसोबत आपला एकत्र कार्यक्रम होता. त्यांच्या सूचनेचं मराठी मी केलं. त्यात 'नावु' होतं. मी 'आम्ही' लिहिलं : 'आम्ही पाच वाजता सभागृहात जमणार आहोत.' मराठीच्या मुलांना वाटलं, कार्यक्रम त्यांचा आहे. निम्म्या खुर्च्या रिकाम्या! कानडी मित्राने विचारलं, "तुमची मुलं का नाही आली रे?" मी काय सांगणार?

कानडीत 'नावु' एकच. मराठीत ऐकणाऱ्याला धरून 'आपण', त्याला वगळून 'आम्ही'. मराठी माझी मायबोली, पण हा भेद माझ्या ध्यानात आणून दिला तो कानडीने. द्विभाषिकतेचा मोठा उपयोग मला हाच वाटतो : दुसऱ्या भाषेमुळे आपली भाषा नव्याने कळते.

करून पाहा : आज दिवसभरात तुम्ही किती वेळा 'आम्ही' म्हणालात आणि तिथे 'आपण' चाललं असतं का, ते वहीत लिहा. पुढच्या बैठकीत बोलू. कानडीच्या मुलांनाही बोलावलंय.